बियाण्यावर नाव कोणाचे?

(अहिल्यानगर येथे कार्यकर्ते व नागरिकांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



‘बौद्धिक संपदा’ हा शब्द कानी पडला की आपल्या डोळ्यांसमोर लेखक, संगीतकार किंवा औषध कंपन्या उभ्या राहतात. ते चूकही नाही. लेखकाच्या ग्रंथाला त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे कॉपीराइटचे संरक्षण मिळते. नव्या शोधाला २० वर्षांचे पेटंट मिळते. पैठणी किंवा सोलापुरी चादर यांना भौगोलिक मानांकन मिळते. जो निर्माण करतो, त्याचे श्रेय आणि त्याचा लाभ त्याच्याकडेच राहावा, हे या सर्व कायद्यांमागचे साधे सूत्र आहे. परंतु पिढ्यान्‌पिढ्या वाण निवडणारा, जोपासणारा आणि सुधारणारा शेतकरी हाही निर्माताच आहे, याचे भान आपल्याला फार उशिरा आले.

आपल्याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे हे गाव आहे. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या राहीबाई पोपेरे यांनी तेथे भात, वाल, घेवडा आणि भाजीपाला यांचे गावरान वाण जतन केले. बाएफ या संस्थेच्या साहाय्याने तेथे बियाणे बँक उभी राहिली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांना ‘सीड मदर’ हे बिरुद दिले ते डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी. हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो, कारण हळदीचा लढा लढला गेला तो याच माशेलकरांच्या नेतृत्वाखाली.

१९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. आपल्या घरातली आजी जे सहज करते, ते त्यांच्या दृष्टीने नवे संशोधन ठरले! भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. हा विजय आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावाच. पण तो कशाच्या बळावर मिळाला? आजीच्या अनुभवाच्या बळावर नव्हे. परदेशातील केवळ तोंडी परंपरा त्या कायद्यासमोर पुरावा ठरत नव्हती. परिषदेने प्राचीन ग्रंथांतील आणि आधुनिक नियतकालिकांतील छापील संदर्भ सादर केले, तेव्हा दावा टिकला. हळदीसाठी ग्रंथ धावून आले. सह्याद्रीच्या कुशीतल्या एखाद्या वालासाठी कोणता ग्रंथ धावून येणार आहे?

आणि दरवेळी परकीयांकडेच बोट दाखवून चालणार नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड या गावचे दादाजी खोब्रागडे हे अल्पशिक्षित, अल्पभूधारक शेतकरी. १९८३ च्या सुमारास त्यांना आपल्या शेतात वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या वेचल्या, वर्षानुवर्षे निवड केली आणि त्यातून ‘एचएमटी’ हा बारीक तांदूळ जन्माला आला. तो अनेक राज्यांत पोहोचला. पुढे कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही एचएमटी’ नावाने वाण प्रसारित केले, तेव्हा मूळ श्रेय आपल्याला मिळाले नाही, ही खंत दादाजींनी वारंवार बोलून दाखवली. त्यांचा सन्मान झाला, पुरस्कार मिळाले. पण २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले ते आर्थिक विवंचनेतच. आपल्याच समाजाने आपल्याच निर्मात्याचे हे ऋण पूर्णपणे फेडले नाही.

डंकेल प्रस्तावाच्या काळात दत्तोपंत ठेंगडी यांच्यासारख्या द्रष्ट्यांनी देशाला सावध केले होते. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार वाणांना संरक्षण देणे भाग होते. ते कोणत्या पद्धतीने द्यायचे, हे ठरविण्याची मोकळीक मात्र होती. भारताने बियाण्याला आणि वाणाला पेटंट नाकारले आणि २००१ मध्ये ‘पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा’ हा स्वतःचा कायदा केला. शेतकऱ्याने जोपासलेल्या वाणाची नोंदणी त्याच्या नावे होऊ शकते. त्यासाठी त्याला शुल्क पडत नाही. हंगामी पिकांना हे संरक्षण १५ वर्षांपर्यंत मिळते. कंपनीने नव्या वाणासाठी अर्ज केला, तर मूळ बियाणे कोठले आणि त्यात शेतकऱ्यांचे योगदान काय, हे तिला सांगावे लागते. विकत घेतलेले वाण सांगितल्याप्रमाणे निपजले नाही, तर शेतकरी भरपाई मागू शकतो.

कोणी विचारील, बियाणे देणे-घेणे ही आपली संस्कृती. मग त्यावर मालकी कशाला? शंका रास्त आहे. परंतु या कायद्याच्या ३९ व्या कलमाने बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवघेवीचा आणि विकण्याचाही शेतकऱ्याचा हक्क अबाधित ठेवला आहे. अट एवढीच की, संरक्षित वाण ब्रँडच्या नावाने विकू नये. २०१९ मध्ये गुजरातेतील बटाटा उत्पादकांवर पेप्सिको कंपनीने कोटी-कोटी रुपयांचे दावे लावले, तेव्हा शेतकरी संघटना याच कलमाच्या आधारे उभ्या राहिल्या आणि कंपनीला दावे मागे घ्यावे लागले. नोंदणीने शेजाऱ्याचे दार बंद होत नाही. आपल्या वाणावर उद्या दुसऱ्या कोणी हक्क सांगितला, तर दाखवायला कागद हाती राहतो.

मग उणीव कोठे आहे? ती आपल्या उदासीनतेत आहे. हक्क कायद्यात आहे, पण डोंगरातल्या वाडीवर त्याची वार्ता नाही. अर्ज कोण भरणार? वाणाचे गुण कोण लिहिणार? येथे कार्यकर्त्याचे काम सुरू होते. प्रत्येकाने एक गाव घ्यावे. ज्येष्ठांकडे, विशेषतः घरातल्या आजीकडे बसावे. वाणाचे स्थानिक नाव, दाण्याचा रंग, तयार होण्याचे दिवस, कोणत्या जमिनीत येते, किती पिढ्यांपासून आहे, हे वहीत उतरवावे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावात जैवविविधता समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. ती आहे का, हे ग्रामसभेत विचारावे. राहुरीचे कृषी विद्यापीठ आणि बाभळेश्वरचे कृषी विज्ञान केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहेत. त्यांचे मार्गदर्शन घ्यावे. आणि एक पथ्य कटाक्षाने पाळावे: अर्जावर नाव शेतकऱ्याचे किंवा त्याच्या समूहाचेच असावे, मदत करणाऱ्याचे नव्हे.

स्वदेशी म्हणजे केवळ परदेशी मालावर बहिष्कार नव्हे. आपल्या मातीत ज्याने निर्माण केले, त्याचे नाव त्याच्या निर्मितीवर राहील याची काळजी घेणे, हीही स्वदेशीच आहे. येत्या खरिपाच्या पेरणीपूर्वी आपल्यापैकी प्रत्येकाने निदान एका वाणाची नोंद पूर्ण करावी, एवढीच विनंती करतो आणि थांबतो.