मामूंची कुरकुर

उन्हाळ्याच्या सहलींचा विषय निघाला की कोणी जागा सांगतो, कोणी खर्च सांगतो. मी एक माणूस सांगणार आहे. सहल कुठे गेली यापेक्षा बरोबर कोण होतं, यावरच तिची चव ठरते, असं माझं पन्नाशीनंतरचं मत झालं आहे.

प्रत्येक घरात असा एक जण असतो. गाडीत पाय ठेवायच्या आधीच त्याला परत यायचं असतं. खिडकी उघडली तर धूळ येते, बंद केली तर जीव घुसमटतो. त्याला घरी ठेवून जावं, तर परत आल्यावर महिनाभर ऐकावं लागतं. आमच्याकडे हे पद माझ्या मामूंकडे, म्हणजे आईच्या सख्ख्या भावाकडे आहे. वय पंचाहत्तरीच्या पुढे. उभं आयुष्य मालवाहू जहाजांवर गेलं. जहाजावर ते सुकाणी होते. कप्तान हुकूम देणार आणि सुकाणी चक्र फिरवणार. तीस-पस्तीस वर्षं ज्याने बोटी सरळ नेल्या, त्याला आमच्या भाड्याच्या सुमोचं वाकडं वळण कसं पसंत पडावं?

२०१८ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. मुंबईहून बहीण आली होती, तिची दोन मुलं होती. त्या वर्षी रमजान मे महिन्याच्या मध्यावर सुरू होणार होता, त्यामुळे जे काय फिरायचं ते पहिल्या पंधरवड्यातच उरकायचं होतं. मी कविता लिहितो. कवीला पाहुणे मिळाले की त्याच्यातला वाटाड्या जागा होतो. आपलाच जिल्हा जणू आपणच घडवला आहे, अशा थाटात मी कार्यक्रम आखला.

पहिल्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ला. मामूंनी जेट्टीवर बैठक मारली. "मी येवचंय नाय. दगड ते दगड. ते बघूक पैशे कित्याक?" जन्म मालवणात गेला, किल्ला समोर, आणि हे दगड म्हणतात! आम्ही होडीतून गेलो, दोन तासांनी परत आलो. मामू त्याच जागी, उन्हात, समुद्राकडे तोंड करून बसलेले. म्हणाले, "झाला बघून? आता चला."

दुसऱ्या दिवशी तारकर्लीहून डॉल्फिन बघायला गेलो. या खेपेला मामू होडीत चढले, पण चढताना फळीवर पाय चुकला आणि फळी बसवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. देवबागपुढे कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथून बाहेर पडलो. मुलं ओरडली, "तो बघा, तो बघा!" काळसर पाठ पाण्यावर आली आणि गेली. मीही ओरडलो. मामू म्हणाले, "खंय आसा? लाट हलली की डॉल्फिन म्हणतत. पैशे वसूल करूचे असतत ना!" होडीवाला बिचारा हिरमुसला. त्याने आणखी एक चक्कर मारली, आणखी दोन पाठी दाखवल्या. मामूंनी मान भलतीकडेच फिरवून सांगितलं, "काय्येक नाय."

दुपारी जेवायला बसलो. सगळ्यांनी पेडव्यांचं तिखलं मागवलं. मालवणचा माणूस म्हणजे पेडवा तोंडात घालावा आणि काटा वेगळा होऊन बाहेर यावा. मामूंनी मात्र ताट सरकवलं. "आदीच्या माशांका इतके काटे नाय होते." आम्ही हसून लोटपोट झालो. माशांना काटे कधीपासून वाढले, यावर मुलांनी त्यांना दिवसभर छळलं. मामूंनी सुरमईची एक तुकडी आणि सोलकढी, एवढ्यावर जेवण आटोपलं. आमच्या कुटुंबात हे वाक्य लगेच म्हण होऊन बसलं. भाजीत मीठ कमी पडलं तरी कोणी तरी म्हणायचं, आदीच्या माशांना इतके काटे नव्हते.

तिसऱ्या सहलीला आम्ही निवतीला निघालो. देवबागच्या टोकाला उभं राहिलं की नदीच्या मुखापलीकडे भोगवे दिसतं, हाक मारली तर ऐकू जाईल असं. पण गाडीने जायचं तर चौके, धामापूर, नेरूरपार, परुळे असा मोठा वळसा. वाटेत धामापूरच्या तलावावर थांबलो. हा तलाव १५३० सालचा. विजयनगरच्या राज्याचे मांडलिक नागेश देसाई यांनी तो बांधला. दोन टेकड्यांमधलं पाणी बांध घालून अडवलं, काठावर भगवतीचं देऊळ. जवळजवळ पाचशे वर्षं झाली, पाणी आहे तसं आहे. पायऱ्यांवर बसलं की काठची झाडं पाण्यात उलटी उभी दिसतात. मी माहिती सांगत होतो, बहीण फोटो काढत होती. मामू दोन पायऱ्या उतरून थांबले, काठीने तिसरी चाचपली आणि म्हणाले, "पाणी गढूळ झाला." मी म्हटलं, "मामू, आरशासारखं आहे की!" ते म्हणाले, "तुझो आरसो गढूळ असतलो." पुढे २०२० साली या तलावाला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. मामूंचं मत अर्थातच कोणी विचारलं नव्हतं.

गाडीत मामू नेहमी पुढे बसत. ड्रायव्हरला सूचना देत. "आता चौकां इला. आता उतार लागतलो. आता पूल." आम्ही कौतुक करायचो की या वयात रस्ता कसा पाठ आहे! पाठच होता. तो पाठ का ठेवावा लागत होता, हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही.

निवतीला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. डोंगरावर पडका किल्ला, खाली मासेमारी गाव, वाळूवर होड्या. सूर्य पाण्यात गेला. मी नेहमीप्रमाणे दोन-चार विशेषणं खर्च केली. मामू वाळूत बसले होते. अंधार झाला आणि दूर समुद्रात खडकांवरच्या दीपगृहाची बत्ती लागली. वेंगुर्ले रॉक्सचं दीपगृह ते. त्या खडकांमधल्या गुहांत पाकोळ्या लाळेची घरटी बांधतात. इथून ते सगळं दिसत नाही, फक्त उजेड दिसतो. येतो, जातो, पुन्हा येतो.

या बत्तीचं आणि मामूंचं नातं आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. प्रत्येक दीपगृहाची लुकलुकण्याची तऱ्हा वेगळी असते. किती सेकंदांनी किती वेळा, त्यावरून रात्रीच्या काळोखात खलाशी ओळखतो की आपण कुठे आहोत. दक्षिणेकडून मुंबईला येताना मामूंची बोट रात्री इथूनच जायची. हातात सुकाणू, उजवीकडे ही बत्ती, आणि बत्तीच्या मागे अंधारात घर. घर जवळ, पण उतरायची सोय नाही. उतरायचं मुंबईला. तेव्हा कोकण रेल्वे कुठली? ती पूर्ण सुरू झाली १९९८ साली. तेव्हा एस.टी.त बसून रात्रभर उलटं मागे यायचं. मामू म्हणायचे, "मी घर दर खेपेक दोनदा गाठलंय. एकदा डोळ्यांनी, एकदा पायांनी."

तर त्या संध्याकाळी बराच वेळ समुद्राकडे बघून मामू म्हणाले, "बत्ती बंद केल्यानी काय रे? सरकाराचा काय खरा नाय."

आम्ही हसायच्या तयारीत होतो. तेवढ्यात धाकटा भाचा म्हणाला, "नाना, चालू आहे की. ही बघा लागली. ही बघा परत." मुलं त्यांना नाना म्हणतात. मामू काही बोलले नाहीत. त्याने पुन्हा बोट दाखवलं. मामूंनी बोटाच्या दिशेने मान वळवली, थोडी जास्तच वळवली, आणि खाली घातली.

परतीच्या वाटेवर मामू एक शब्द बोलले नाहीत. ड्रायव्हरने दोनदा जोरात ब्रेक मारला, खड्ड्यात गाडी आपटली. तरी नाही. कुरकुर करणारा माणूस गप्प बसला की घर घाबरतं, ते त्या रात्री कळलं. मागच्या सीटवर मी एकेक गोष्ट मोजत होतो. चुकलेली फळी. न दिसलेला डॉल्फिन. गढूळ पाणी. काटे वाढलेले मासे. आम्ही ज्याला कुरकुर म्हणत होतो, तो माणूस अगदी खरं बोलत होता. काय्येक नाय म्हणजे काही दिसत नाही. यापेक्षा सरळ भाषेत सांगणं ते काय? मी तर शब्दांवर जगणारा माणूस. दुसऱ्याच्या कवितेतला दुसरा-तिसरा अर्थ काढून दाखवतो. आणि मामूंच्या बोलण्याचा पहिला अर्थसुद्धा मला लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढताच मामू भडकले. त्याचंही कारण नंतर समजलं. जहाजावर नोकरी करणाऱ्याची नजर वेळोवेळी तपासतात. नजर गेली की काम गेलं. साऱ्या आयुष्यात डोळ्यांचा डॉक्टर म्हणजे पोटावर पाय आणणारा माणूस, हेच त्यांनी बघितलं होतं. नोकरी सुटून वीस वर्षं होत आली, पण भीती निवृत्त झाली नव्हती. शेवटी माझ्या बायकोने मार्ग काढला. ती म्हणाली, "मामू, यांना चष्म्याचा नंबर तपासायचाय. रिक्षात एकट्यांना कंटाळा येतो. तुम्ही सोबत जाता का?" मला सोबत करायला म्हणून ते आले. वाटेत रिक्षावाल्याला चार शिव्या दिल्या, तेव्हा माझा जीव जरा भांड्यात पडला.

डॉक्टरबाईंनी तपासलं आणि मलाच विचारलं, "हे इतके दिवस फिरत कसे होते?" दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पुरते पिकलेले. एका डोळ्याने समोर धरलेली बोटं कशीबशी मोजता येत होती, दुसऱ्याने फक्त उजेड आणि अंधार. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांच्या शेजारी बसून मी तीन संध्याकाळी सूर्यास्त बघितला होता.

पावसाळ्यानंतर एक डोळा झाला, महिन्याभराने दुसरा. शस्त्रक्रिया म्हणाल तर अर्ध्या तासाचीही नाही. पट्टी काढल्यावर मामूंनी आधी खिडकी बघितली, मग भिंतीवरचा डाग बघितला आणि त्याबद्दल तक्रार केली. मग माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "तू इतको म्हातारो कधी झालंस रे?"

२०१९ साली रमजान मेच्या पहिल्याच आठवड्यात होता, म्हणून सहली एप्रिलमध्ये घेतल्या. या खेपेला मामू स्वतः म्हणाले, किल्ल्यात जाऊया. होडीत चढताना फळी बघून चढले, आणि ती कुठे कुजली आहे ते होडीवाल्याला दाखवून चढले. तो सुकाणू कसं चुकीचं धरतो, हेही त्याला किल्ला येईपर्यंत समजावलं. २५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर या किल्ल्याचं काम सुरू झालं आणि तीन वर्षांत पुरं झालं. त्याचा दरवाजा बुरुजांच्या वळणात असा लपवलाय की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. मामू दरवाजासमोर थांबले. वर बघितलं, मागे समुद्राकडे बघितलं, पुन्हा दरवाजाकडे बघितलं. "शाणो माणूस होतो," एवढंच म्हणाले. मामूंच्या तोंडून कोणाची स्तुती मी प्रथमच ऐकली.

स्तुती तिथेच संपली. पुढे तटावर नावं कोरणारे, वाटेवर बाटल्या टाकणारे, मोबाइलवर मोठ्याने गाणी लावणारे, एकेकाचा समाचार सुरू झाला. गोड्या पाण्याच्या विहिरीपाशी माणसाने थुंकावं का, यावर एका अनोळखी तरुणाला दहा मिनिटं भाषण ऐकावं लागलं. राजाराम महाराजांनी बांधलेल्या शिवराजेश्वराच्या देवळापाशी चपला कशाही फेकलेल्या दिसल्या, तर त्या काठीने सरळ करून ठेवल्या. किल्ल्यात आजही काही कुटुंबं राहतात. त्यांच्यातल्या एका आजींनी सरबत दिलं. त्यात साखर जास्त होती. हेही मामूंनी सांगितलं, दुसरा ग्लास पिऊन झाल्यावर.

आदल्या वर्षीची कुरकुर सगळी एकाच सुराची होती. आता तिच्यात तपशील आला होता. जेवताना त्यांनी पेडवे मागवले, काटे काढून ताटाच्या कडेला ओळीने लावले आणि म्हणाले, "मसालो जळलो." कोणी हसलं नाही. आम्ही सगळ्यांनी मसाला चाखून बघितला. खरंच जळला होता.

शेवटची संध्याकाळ पुन्हा निवतीची. सूर्य बुडाला, मी या वेळी विशेषणं खिशातच ठेवली. अंधार पडला. भाचा मामूंना चिकटून बसला होता. बत्ती लागली. मामूंचे ओठ हलायला लागले. मला वाटलं, काही पढताहेत. जवळ सरकलो तर ते सेकंद मोजत होते. एक पाळी मोजली, दुसरी मोजली, तिसरी मोजली.

मी विचारलं, "बरोबर आहे का, मामू?"

ते म्हणाले, "बरोबर आसा. पण वायच उशिरा पेटता. सरकाराचा काय खरा नाय."

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)