दुसरा केसपेपर
(वार्षिक सभेतील प्रशासकांचे मनोगत)



आम्ही वाणिज्य शाखेचे. वैद्यकीय सल्ला देणे आमचा अधिकार नव्हे. परंतु केसपेपरच्या खिडकीवर एक दृश्य नित्य दिसते. सासूबाईंच्या तपासणीसाठी रजा काढून आलेली नोकरदार सून स्वतःच्या नावाचा केसपेपर काढीत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली गेले, तरी थकवा कामाचाच समजला जातो! जेवणाला लागून घेतलेला चहा अन्नातील लोह पुरते अंगी लागू देत नाही, असे आमचे डॉक्टर सांगतात. तो तासभराने घ्यावा, भाजीवर लिंबू पिळावे. खर्च काहीच नाही. भगिनींनो, पुढील खेपेस खिडकीवर दोन केसपेपर मागा.