‘ग्रेस’: एका नावामागचे हात

आज जेफ बकलीचा ‘ग्रेस’. १९९४चा अल्बम. ॲपवर नाव दिसतं एकट्या जेफचं. पण पहिली दोन गाणी, ‘मोजो पिन’ आणि ‘ग्रेस’, गिटारिस्ट गॅरी लुकसच्या आधीच तयार असलेल्या वाद्यरचनांवर उभी आहेत. शब्द आणि गाण्याची चाल जेफनं त्यावर चढवली.

सप्टेंबर १९९३. न्यूयॉर्क राज्यातलं वुडस्टॉक, बेअर्सव्हिल स्टुडिओ. बेसवर मिक ग्रॉन्डाल, ड्रम्सवर मॅट जॉन्सन. बँड जमून जेमतेम काही आठवडे झालेले! प्रोड्युसर अँडी वॉलेस, म्हणजे निर्व्हानाच्या ‘नेव्हरमाइंड’चं मिक्सिंग करणारा. स्ट्रिंग्सची मांडणी कार्ल बर्गरची. गिटारिस्ट मायकल टाय तर सगळ्यात शेवटी आला, आणि त्याच्यासोबत ‘सो रियल’ झालं.

२९ मे १९९७ला जेफ मेम्फिसमध्ये वुल्फ नदीत बुडाला. वय फक्त ३०. हयातीत पूर्ण केलेला स्टुडिओ अल्बम हा एकच. मग दंतकथा त्याची झाली, बाकीचे मागे राहिले. मला ते खटकतं. तो आवाज एवढा उंच झेपावतो, कारण खाली कुणीतरी जमीन धरून ठेवलीय.

आज इयरफोन लावा, ‘ग्रेस’ लावा आणि एकदा फक्त ड्रम्स ऐका. मग बेस. जेफ तर ऐकू येणारच आहे!