बंद घरातील शेती आणि मातीचा श्वास



चंद्रावर किंवा मंगळावर दीर्घकाळ राहायचे, तर बरोबर शिधा किती नेणार? एका माणसाला दिवसाला नुसता प्राणवायूच सुमारे ८४० ग्रॅम लागतो. म्हणून शास्त्रज्ञांना शेती आठवली. पीक आपण सोडलेला कर्बवायू घेते, प्राणवायू देते आणि वर धान्यही देते. मात्र या हिशेबात खाणारे एक तोंड कमी मोजले गेले, ते मातीचे.

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात ‘बायोस्फिअर-२’ नावाचे सुमारे तीन एकरांचे, त्या काळी हवाबंद असलेले काचघर आहे. २६ सप्टेंबर १९९१ रोजी आठ स्त्री-पुरुष दोन वर्षांसाठी त्यात राहायला गेले. अर्ध्या एकरात भात, गहू, भुईमूग, रताळी, केळी, पपई, जोडीला शेळ्या-कोंबड्या. बटाट्यावर कोळी पडला, पोट जेमतेम भरे. तरी गरजेच्या सुमारे चार-पंचमांश अन्न त्यांनी आतच पिकवले. माझ्या मते हे काम लहान नाही.

घात झाला तो हवेत. सोळा महिन्यांत प्राणवायू २०.९ टक्क्यांवरून सुमारे १४.५ टक्क्यांवर आला. माणसांना धाप लागू लागली. शेवटी जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून प्राणवायू सोडावा लागला.

असे का झाले? माती वर्षानुवर्षे कसदार राहावी म्हणून तिच्यात सेंद्रिय पदार्थ सढळ हाताने घातले होते. ते कुजवताना जिवाणूंनी प्राणवायू घेतला आणि कर्बवायू सोडला. तो पिकांनी घेतला असता, तर प्राणवायू परत मिळाला असता. पण बराचसा कर्बवायू काँक्रीटने शोषला. भिंतीला दिलेला चुना हवेतील कर्बवायू घेऊन कडक होतो, तसेच हे. प्राणवायू भिंतीत अडकून पडला!

तुमच्या रानातही शेणखत असेच कुजते. उघड्यावर हवेला तोटा नाही, म्हणून जाणवत नाही. वावरात पाणी साचून मुळे गुदमरली, की थोडी कल्पना येते.

काडाचेही तेच. काडाने दिलेला प्राणवायू काड कुजताना परत खर्च होतो. माणसाच्या श्वासाला उरतो तो दाण्याच्या वाट्याचा. म्हणून अवकाशासाठी काड कमी, दाणा जास्त अशी जात हवी. अमेरिकेतील युटा राज्य विद्यापीठाने १९९० च्या दशकात ‘ॲपोजी’ हा गहू त्यासाठीच काढला. उंची जेमतेम दीड फूट. बुटका गहू २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातही पेरून पाहिला गेला.