आधी पाणी आणि ऊन, मग रोपं



घराभोवती बाग करायचं ठरलं,
की पहिली धाव रोपवाटिकेकडे जाते.
कोकणातलं जुनं घर मात्र
आधी पाणी बघतं, ऊन बघतं.

पावसाळा सरला, की तिथे अंगणाची जमीन चोपतात.
मग ती शेणाने सारवतात.
उतार असा ठेवतात,
की पाणी जोत्यापासून दूर जावं.

पुढे अंगणावर मांडव चढतो.
पोफळीचे खांब,
वर माडाची विणलेली झापं.
उन्हाळ्यात घरातली निम्मी कामं या सावलीत होतात.
पाऊस तोंडावर आला, की मांडव उतरवतात.
ऋतूबरोबर बदलणारी ही रचना फार शहाणी आहे.

आणि परसात?
न्हाणीचं पाणी केळीला आणि अळूला मिळतं.
दोघांनाही ओल हवीच असते.

हल्ली बंगल्यांचं अंगण कडेपर्यंत फरशीने बंद होतं.
पाणी मुरत नाही.
दुपारी फरशी तापते.
त्यापेक्षा जांभ्याचे चिरे बसवावेत,
सांध्यात माती ठेवावी.

म्हणून पुन्हा सांगायचं,
आधी पाणी आणि ऊन, मग रोपं.
येत्या पावसात आपल्या दारी पाणी कुठे साचतं,
तेवढं जरूर बघून ठेवा.