पतपेढीची पायली
(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या किन्हवली येथील वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आजच्या संमेलनात आम्ही चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाने आम्हांस आज्ञा केली. विषयही मंडळानेच ठरवून दिला. ठाण्या-कल्याणास नोकरीनिमित्त असलेल्या आपल्या काही तरुणांनी अशी सूचना केली आहे की, आपल्या पतपेढीने काळाबरोबर चालावे; बिटकॉइनसारखे जे कूटचलन निघाले आहे ते ठेव म्हणून स्वीकारावे, तारण म्हणून घ्यावे आणि जमल्यास त्यातच कर्जही द्यावे. ही सूचना ऐकून काही वडील मंडळी हसली. आम्ही हसलो नाही. तरुणांनी पतपेढीचा विचार करावा ही आनंदाची गोष्ट होय, आणि जी सूचना सद्हेतूने आली ती तागडीत घालून तोलली पाहिजे. शिवाय प्रश्न आजच उभा राहण्यास कारणही आहे. आपल्या शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला, जमिनींचा मोबदला कित्येकांच्या खात्यांत आला, आणि त्या पैशाच्या वासाने नाना प्रकारची माणसे गावोगाव फिरू लागली.

प्रथम आपली पतपेढी कशासाठी निघाली ते आठवू. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी आषाढ-श्रावणात घरातील कणगी रिकामी होत असे. मग सावकाराच्या दारी जाऊन भात उसने आणावयाचे आणि सुगीला ते दिढी-दुपटीने फेडावयाचे. या व्याजापेक्षाही जुन्या माणसांना अधिक झोंबे ती वेगळीच गोष्ट. काही सावकारांच्या घरी पायल्या दोन असत, असे ते सांगत. देण्याची लहान, घेण्याची मोठी. ऋणको व्याजाचा हिशेब बोटांवर करू शके. परंतु मापच बदलले तर हिशेब कोणी कसा करावा? पतपेढीने व्याज कमी केले हे तर खरेच. पण तिचा मोठा उपकार हा की, तिने देण्याची आणि घेण्याची पायली एक केली. 1904 सालच्या सहकारी पतसंस्थांच्या कायद्याने ग्रामीण संस्थांत सभासदांची जबाबदारी अमर्याद ठेवली होती. म्हणजे शेजाऱ्याच्या कर्जास शेजारी बांधलेला असे. प्रवराकाठी लोणी येथे 1923 साली विठ्ठलराव विखे पाटलांनी पतपेढी उभारली ती याच परस्परविश्वासावर.

आता कूटचलन म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. 2009 साली बिटकॉइन सुरू झाले. ते कोणत्याही सरकारने काढलेले नाही. जगभरच्या हजारो संगणकांवर एकच खतावणी ठेवलेली असते. प्रत्येक व्यवहाराची नोंद तीत होते, आणि मागील पान कोणास गुपचूप खोडता येत नाही. नाणी एकंदर 2 कोटी 10 लाखांपलीकडे निघावयाची नाहीत, असा नियम त्या योजनेतच घातलेला आहे. ज्याच्याजवळ गुप्त किल्ली, म्हणजे अक्षरांची व अंकांची एक लांबलचक खूण, तो मालक. ती हरवली की धन गेले. दाद मागण्यास कचेरी नाही.

यात लाभ काहीच नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. पहिला लाभ त्या न खोडता येणाऱ्या वहीचा. ज्या पतसंस्था बुडाल्या त्यांतील कित्येक खोट्या नोंदींनी बुडाल्या, हे आपण जाणतो. दुसरा लाभ परदेशी असलेल्या मुलाबाळांना पैसे लवकर धाडता येण्याचा. तिसरा लाभ भाव वाढल्यास होणाऱ्या नफ्याचा. परंतु वही चोख ठेवण्यास कूटचलन घ्यावेच लागते असे नाही. ती सोय नाण्यावाचूनही करता येते. देशातल्या देशात रुपया क्षणात आणि सामान्य माणसास बिनखर्चात पोचविण्याचे काम 2016 पासून यूपीआय करीत आहे. परदेशातून आलेले कूटचलनही बियाणे घेण्यापूर्वी रुपयांत मोडावेच लागते, आणि मोडताना खर्च व कर दोन्ही लागतात. राहता राहिला भाववाढीचा नफा. त्याचाच विचार सविस्तर केला पाहिजे, कारण मोह तेथेच आहे.

नोव्हेंबर 2021 मध्ये एका बिटकॉइनचा भाव सुमारे 69 हजार डॉलरांपर्यंत चढला होता. एक वर्षाने, नोव्हेंबर 2022 मध्ये, तो 16 हजारांच्या खाली आला. डिसेंबर 2024 मध्ये त्याने एक लाखाचा टप्पा ओलांडला. हे आकडे आपल्या पतपेढीच्या खतावणीत मांडून पाहू. समजा, एखाद्या निवृत्त गुरुजींनी चढत्या भावात एक लाख रुपयांचे नाणे ठेव म्हणून ठेवले. वर्षाने मुलीच्या लग्नासाठी ते मागावयास आले, तर त्यांच्या हाती पंचवीस हजारांच्या आसपास पडतील. आता उलट बाजू पाहा. पडत्या भावात एखाद्या शेतकऱ्याने विहिरीसाठी एक लाखाचे नाणे कर्जाऊ घेतले आणि नाण्यातच फेडावयाचे कबूल केले. दोन वर्षांनी व्याज सोडूनही त्यास सहा लाखांहून अधिक द्यावे लागतील. त्याची विहीर सहापट खोल झाली नाही, भाताचे पीक सहापट आले नाही. एका वेळी ठेवीदार बुडाला, दुसऱ्या वेळी ऋणको. ज्या दोन पायल्यांतून आपण सुटलो त्याच पुन्हा घरात आणावयाच्या काय?

कोणी म्हणेल, नाणी पूर्वीही बदललीच की! होय, 1 एप्रिल 1957 रोजी आणे-पै गेले आणि नवे पैसे आले. वडीलधाऱ्यांना त्या वेळचा बाजारातला गोंधळ आठवत असेल. परंतु रुपया रुपयाच राहिला. ज्याच्या नावावर शंभर रुपये कर्ज होते त्याच्या नावावर शंभरच राहिले. नाणे बदलले, माप बदलले नाही. येथे मापच रोज बदलते.

नाण्यात कर्ज देऊ नये, केवळ तारण म्हणून घ्यावे, अशी मधली वाट काही जण सुचवितात. पतपेढी सोने तारण घेते, मग हे का नको? या प्रश्नाचे उत्तर आपल्या मुंबईच्याच इतिहासात आहे. अमेरिकेतील यादवीमुळे 1861 पासून तेथील कापूस इंग्लंडास मिळेना. आपल्या कापसास सोन्याचा भाव आला, मुंबईत पैशाचा पूर लोटला आणि नव्या नव्या कंपन्यांच्या भागांवर सट्टा सुरू झाला. बँक ऑफ बॉम्बे ही सरकारचेही भांडवल असलेली प्रतिष्ठित पेढी. 1863 च्या कायद्याने तिच्यावरील बंधने सैल झाली आणि तिने त्या भागांच्या तारणावर सढळ हाताने कर्जे दिली. भाव वाढत होते तोवर प्रत्येक तारण भक्कम दिसत होते. 1865 साली यादवी संपली, कापूस उतरला, भाग कोसळले आणि तारणाचे कागद तेवढे बँकेच्या हाती राहिले. 1868 साली ती बँक मोडीत निघाली. त्याच तेजीत दख्खनच्या रयतेने काढलेली कर्जे मात्र कापूस उतरल्यावरही उतरली नाहीत. 1875 साली सुप्यास सावकारांचे रोखे जाळले गेले, त्यामागील कारणांत हेही एक होते.

सोन्याचा भावही खालीवर होतो, हे खरे. पण एका वर्षात त्याचा चौथा हिस्सा उरल्याचे आपण पाहिलेले नाही. ते आपल्या तिजोरीत असते, सराफ ते कसोटीवर घासून पाहतो, आणि हप्ता थकला तर पतपेढी नोटीस देते, जामीनदारास बोलावते, सुगीपर्यंत थांबतेही. कूटचलनाच्या बाजारास रात्र नाही आणि सुटी नाही. भाव ठराविक रेषेखाली गेला की तारण यंत्रच विकून टाकते. ऋणको झोपेत असला तरी त्याची गय नाही.

अलीकडची उदाहरणे तर ताजी आहेत. कूटचलनाच्या ठेवी घेऊन कर्जे देणाऱ्या अमेरिकेतील सेल्सियस कंपनीने जून 2022 मध्ये ठेवी परत देणे थांबविले आणि पुढील महिन्यात दिवाळे काढले. भारतीय ग्राहक असलेल्या सिंगापूरच्या वॉल्ड कंपनीनेही जुलै 2022 मध्ये ठेवी परत देणे थांबविले. मुंबईत जन्मलेल्या वझीरएक्स या बाजारातून जुलै 2024 मध्ये सुमारे दोन हजार कोटी रुपयांची नाणी चोरीस गेली आणि ग्राहकांना आपली नाणी वर्षाहून अधिक काळ काढता आली नाहीत. गेनबिटकॉइन योजनेने तर दरमहा दहा टक्के परताव्याचे आमिष दाखविले होते. 2018 साली पुण्यात तिच्याविरुद्ध गुन्हे नोंदले गेले.

कायद्याची बाजूही पाहू. रिझर्व्ह बँकेने 2018 साली बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले होते. तो आदेश सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2020 मध्ये रद्द केला. म्हणून व्यक्तीने कूटचलन बाळगणे हा गुन्हा नव्हे. परंतु ते कायदेशीर चलनही नव्हे. 2022 पासून त्याच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे आणि तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. राज्याच्या 1960 च्या सहकारी कायद्याच्या 70व्या कलमात संस्थेने निधी कोठे ठेवावा हे सांगितले आहे. सहकारी बँका, सरकारी रोखे अशा त्या जागा असून कूटचलन त्यांत नाही. 101व्या कलमाखालील वसुली दाखला कर्जदाराच्या शेतापर्यंत व पगारापर्यंत पोचतो, मनात लपविलेल्या गुप्त किल्लीपर्यंत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे हे की, बँकेतील पाच लाखांपर्यंतच्या ठेवीस जे विमासंरक्षण आहे ते पतसंस्थेच्या ठेवीस नाही. आपल्या ठेवीदारास छप्पर आहे ते केवळ संचालकांच्या सावधपणाचे.

म्हणून आमचे नम्र मत असे. ज्यास स्वतःच्या शिलकीतून हे नाणे घ्यावयाचे असेल त्याने, बुडाले तरी चूल विझणार नाही एवढेच घ्यावे. त्यास ज्ञातीने नावे ठेवू नयेत. पतपेढीचा पैसा मात्र संचालकांचा नाही. तो दूध विकणाऱ्या बाईचा आहे, गिरणीतून सुटलेल्या कामगाराचा आहे, महामार्गास जमीन देऊन बसलेल्या आणि पुन्हा जमीन न मिळणाऱ्या शेतकऱ्याचा आहे. त्यावर सट्टा खेळण्याचा अधिकार कोणासही नाही.

तथापि तरुणांची सूचना सर्वस्वी फेटाळू नये. त्यातील न खोडता येणाऱ्या वहीचे तत्त्व आपण घ्यावे. प्रत्येक जमा-खर्चाची सूचना त्याच क्षणी सभासदाच्या दूरध्वनीवर जावी, थकबाकीची यादी आणि लेखापरीक्षकाचे शेरे वार्षिक सभेत मोठ्याने वाचले जावेत, आणि ही व्यवस्था बसविण्याचे काम सूचना करणाऱ्या तरुणांकडेच सोपवावे. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर 2022 पासून मुंबईसह काही शहरांत सुरू केलेल्या ई-रुपयाचाही त्यांनी अभ्यास करावा; त्याचे रूप नवे आहे, पण माप रुपयाचेच आहे.

पतपेढीच्या तिजोरीत पैसा थोडा असला तरी चालेल. पायली एकच असली पाहिजे. तीच देण्याची, तीच घेण्याची.