ऐन कामाच्या वेळचे शिक्षण

(शासकीय कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षण-वर्गाच्या प्रारंभी झालेल्या भाषणाचा मजकूर)



तालुक्याच्या कचेरीतील एक प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. एक वृद्ध शेतकरी सकाळची पहिली बस गाठून आला आहे. गावच्या रस्त्यावर किती खर्च झाला, ही माहिती त्याला हवी आहे आणि तसा माहितीच्या अधिकाराखालील अर्ज त्याने लिहून आणला आहे. खिडकीशी बसलेला लिपिक आठच दिवसांपूर्वी दुसऱ्या खात्यातून बदलून आलेला आहे. तो अर्ज चाळतो आणि म्हणतो, "आजोबा, हे काम आमच्या कचेरीचे नव्हे. तुम्हांला बांधकाम खात्याकडे जावे लागेल." म्हातारा अर्जाची घडी घालून परत फिरतो.

हा लिपिक उद्धट नव्हता, आळशीही नव्हता. त्याला केवळ एक गोष्ट ठाऊक नव्हती. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील कलम ६ असे सांगते की, मागितलेली माहिती दुसऱ्या सार्वजनिक प्राधिकरणाकडे असेल, तर अर्ज परत करावयाचा नसतो. पाच दिवसांच्या आत तो त्या प्राधिकरणाकडे पाठवावयाचा असतो आणि तसे अर्जदाराला कळवावयाचे असते. ही एवढी गोष्ट समजावून घेण्यास दहा मिनिटे पुरतात. ती दहा मिनिटे लिपिकाला वेळेवर मिळाली नाहीत, म्हणून एका नागरिकाचा दिवस, बसभाडे आणि शासनावरील विश्वास, या तिन्ही गोष्टी खर्ची पडल्या.

आजवरची रूढ पद्धत अशी की, नोकरीच्या आरंभी किंवा बढतीच्या वेळी कर्मचाऱ्याला आठ-पंधरा दिवसांच्या वर्गाला पाठवावयाचे. तेथे नियम, लेखा, आस्थापना असे अनेक विषय एकापाठोपाठ शिकविले जातात. वह्या भरतात, प्रमाणपत्र मिळते. पण ज्या नियमाची गरज तीन वर्षांनी पडणार, तो तीन वर्षे ध्यानात राहील कसा? हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून विस्मरणाचा अभ्यास केला आणि १८८५ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाठ केलेल्यापैकी बराचसा भाग पहिल्या काही तासांतच निसटतो आणि पुढे विस्मरणाचा वेग मंदावतो, असे त्याला आढळले. एका बैठकीत घोकण्यापेक्षा थोडेथोडे, दिवसांच्या अंतराने उजळलेले अधिक टिकते, हेही त्याने दाखविले. शेतकऱ्याला हे नवे नाही. वर्षाचे पाणी एकाच दिवशी सोडल्याने पीक येत नाही. ते पाळीपाळीनेच द्यावे लागते.

कामाच्या जागीच थोडक्यात शिकविण्याची पद्धतशीर योजना दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत उभी राहिली. १९४० साली तेथील शासनाने कारखान्यांतर्गत प्रशिक्षणाची सेवा सुरू केली व ती १९४५ पर्यंत चालली. अनुभवी कामगार सैन्यात जात होते आणि कारखान्याचे तोंडही न पाहिलेले स्त्री-पुरुष त्यांच्या जागी येत होते. त्यांना वर्षभर शाळेत बसविण्यास सवड नव्हती. म्हणून मुकादमांनाच शिकविण्याची रीत शिकविण्यात आली, तीही दोन-दोन तासांच्या पाच बैठकांत. त्या रीतीच्या पायऱ्या चारच होत्या: शिकणाऱ्याचे मन तयार करणे, काम सांगून व करून दाखविणे, त्याच्याकडून ते करवून घेणे आणि पुढे त्याच्यावर लक्ष ठेवणे. या पायऱ्यांचे एक छोटे पत्रक मुकादमाच्या खिशात असे. शिकणाऱ्याला आले नसेल, तर दोष शिकविणाऱ्याचा, हे त्या योजनेचे मुख्य सूत्र होते. युद्धानंतर ही पद्धत जपानमध्ये गेली व तेथील कारखान्यांत रुजली.

आपल्या देशात या विचाराची निकड २०२० च्या साथीने पटविली. कोविडच्या पहिल्या लाटेत डॉक्टर, परिचारिका, स्वच्छता कर्मचारी, पोलीस या सर्वांना संसर्गापासून बचाव, संरक्षक पोशाखाचा वापर आणि विलगीकरणाचे नियम ताबडतोब शिकणे भाग होते. एकत्र वर्ग भरविणे तर अशक्यच होते. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये केंद्र शासनाने त्यांच्यासाठी 'आयगॉट' या नावाने छोटे पाठ मोबाईलवर व संगणकावर उपलब्ध करून दिले. पुढे २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'मिशन कर्मयोगी' ही योजना मंजूर केली आणि 'आयगॉट कर्मयोगी' हे तिचे शिक्षणपीठ ठरले. ऑक्टोबर २०२४ मध्ये पाळण्यात आलेल्या राष्ट्रीय शिक्षण सप्ताहात प्रत्येक कर्मचाऱ्याने किमान चार तास शिकावे, असे उद्दिष्ट ठेवण्यात आले होते.

साधन हाती आले, ही समाधानाची बाब होय. परंतु साधन म्हणजे शिक्षण नव्हे. पाठ पडद्यावर एकीकडे चालू आहे आणि कर्मचारी दुसरीकडे फाइल हातावेगळी करीत आहे; शेवटी कळ दाबली की प्रमाणपत्र तयार! अशी प्रमाणपत्रे शंभर जमली, तरी खिडकीशी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला त्यांचा काय उपयोग? यास्तव काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे.

पहिले पथ्य असे की, एका पाठात एकच काम शिकवावे. संपूर्ण माहितीचा अधिकार एका पाठात कोंबू नये. दुसऱ्या कार्यालयाशी संबंधित अर्ज आल्यास काय करावे, हा एक पाठ. अर्जदाराला लिहिता येत नसेल, तर त्याचे तोंडी म्हणणे लेखी उतरविण्यास माहिती अधिकाऱ्याने साहाय्य केले पाहिजे, हा दुसरा. माहिती सामान्यतः ३० दिवसांत आणि जीवित वा स्वातंत्र्याचा प्रश्न असल्यास ४८ तासांत द्यावयाची असते, हा तिसरा.

दुसरे पथ्य, पाठ घेतल्यावर ते काम त्याच दिवशी हातून घडावे. नमुन्याचा अर्ज घेऊन आवक नोंदवहीत नोंद करावी, पाठवणीचे पत्र तयार करावे, अर्जदारास कळविण्याचा मसुदा लिहावा आणि तो शेजारच्या जुन्या जाणत्या कारकुनाला दाखवावा. वर सांगितलेल्या चार पायऱ्यांपैकी शेवटच्या दोन कोणत्याही यंत्राला सर्वस्वी सोपविता येत नाहीत; तेथे माणूसच लागतो.

तिसरे पथ्य कार्यालयप्रमुखांसाठी आहे. शिकण्याचा वेळ कामाच्या वेळातूनच दिला पाहिजे. दिवसभर खिडकी सांभाळून घरी गेलेल्या भगिनीने स्वयंपाक उरकून रात्री पाठ पाहावेत, ही अपेक्षा न्याय्य नव्हे. आठवड्यातून एकदा, कचेरी उघडताच पंधरा मिनिटे सर्वांनी एकत्र बसावे, आणि ज्या प्रश्नावर त्या आठवड्यात काम अडले, त्याच प्रश्नाचा पाठ घ्यावा. बदली होऊन आलेल्या कर्मचाऱ्याला नव्या टेबलाचे चार-पाच पाठ पहिल्याच दिवशी हाती मिळावेत.

चौथे पथ्य भाषेचे. गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी ही राजभाषा ठरली आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापरासही स्थान मिळाले. पाठ इंग्रजीतून घेतला, तरी खिडकीशी येणारा माणूस आपल्या बोलीत विचारणार. नियम त्याच्या भाषेत दोन सोप्या वाक्यांत सांगता आला, तरच तो कर्मचाऱ्याला समजला असे मानावे.

छोट्या पाठांनी सर्व काही साधेल, असा मात्र कोणाचा समज होऊ नये. जमिनीच्या कज्ज्यातील गुंतागुंत किंवा हिशेबतपासणीची दृष्टी दहा मिनिटांत येत नाही. त्यासाठी दीर्घ अभ्यास व अनुभवी वरिष्ठांचा सहवास लागतो. मोठे वर्ग बंद करण्यास छोटा पाठ हे निमित्त होऊ नये. शिक्षकवर्ग हे चांगले जाणतो: रोजची उजळणी हवी, पण तिच्यामागे वर्षाचा अभ्यासही हवा.

या वर्गातून परत जाणाऱ्या प्रत्येकाने आपल्या कचेरीत एक साधी वही ठेवावी. ज्या ज्या प्रश्नाला उत्तर देता आले नाही, तो प्रश्न तीत लिहावा. पुढच्या आठवड्याचा पाठ त्या वहीनेच ठरवावा. असे झाले, तर तो वृद्ध शेतकरी पुन्हा येईल तेव्हा लिपिक त्याचा अर्ज ठेवून घेईल, त्याला पोच देईल आणि सांगेल, "आजोबा, अर्ज आम्हीच पुढे पाठवतो. तसे पत्र तुम्हांला घरी येईल." हे उत्तर ज्या दिवशी सहज तोंडी येईल, त्या दिवशी प्रशिक्षण सफल झाले असे समजावे.